ऐकून घेणारी सत्ता : औंध, किर्लोस्करवाडी आणि नेतृत्वाचा संवाद

कामाच्या ठिकाणी नेतृत्व करणाऱ्या माणसाचे संवादकौशल्य म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वक्तृत्वच उभे राहते. खणखणीत आवाज, नेमके शब्द, सभा जिंकण्याची हातोटी आणि अलीकडच्या काळात पडद्यावर आकृत्या दाखवत विषय मांडण्याची सफाई, यांनाच संवाद समजले जाते आणि व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांतही पुष्कळसा वेळ याच गोष्टींवर खर्च होतो. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु एखादा कारखाना, कचेरी, शाळा किंवा सहकारी संस्था नीट चालते की नाही, हे तेथील प्रमुख किती चांगले बोलतो यापेक्षा, त्याच्या हाताखालच्या माणसांना जे ठाऊक आहे ते त्याच्यापर्यंत जसेच्या तसे आणि वेळेवर पोहोचते की नाही, यावर अधिक अवलंबून असते. हे विधान पारखून पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ज्याचा बहुतेक मुलूख मोडतो, त्या औंध नावाच्या लहानशा संस्थानात १९१० ते १९४८ या सुमारे चार दशकांत एक कारखाना, एक राज्यकारभार आणि एक तुरुंग अशा तीन निरनिराळ्या संस्थांमध्ये वरचा आणि खालचा यांच्यातील बोलण्याची रीत बदलून पाहिली गेली, आणि या तिन्ही प्रयत्नांतून नेतृत्वाच्या संवादाबद्दल जे हाती लागते ते आजच्या व्यवस्थापकालाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

संवादाचे शास्त्र, म्हणजे ज्याला मराठीत संज्ञापनशास्त्र म्हणतात ते, संस्थेतील बोलण्याचे दोन मुख्य प्रवाह मानते. आदेश, सूचना, परिपत्रके, उद्दिष्टे ही वरून खाली येतात म्हणून त्यांना अधोगामी संज्ञापन म्हणतात, तर अडचणी, तक्रारी, अनुभव आणि कामाची खरी स्थिती खालून वर जाते म्हणून त्याला ऊर्ध्वगामी संज्ञापन म्हणतात. पहिल्या प्रवाहाला सत्तेचे पाठबळ असते आणि तो आपोआप वाहतो. दुसऱ्याला मात्र सत्तेविरुद्ध चढावे लागते. चेस्टर बर्नार्ड या अमेरिकन दूरध्वनी कंपनीच्या प्रमुखाने १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अधिकारीवर्गाच्या कार्यांविषयीच्या ग्रंथात असा विचार मांडला की हुकमाचा अधिकार हा हुकूम देणाऱ्याच्या पदात नसून तो स्वीकारणाऱ्याच्या मनात असतो. ऐकणाऱ्याला तो हुकूम समजला पाहिजे, तो संस्थेच्या उद्देशाशी जुळणारा वाटला पाहिजे, स्वतःच्या हिताच्या आड येणारा वाटता कामा नये आणि तो पाळण्याची कुवत त्याच्या अंगी असली पाहिजे. या चारांपैकी एक जरी अट पुरी झाली नाही तरी हुकूम कागदावर राहतो. ज्या वर्षी बर्नार्डने हे लिहिले, नेमक्या त्याच वर्षी औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. दोघांना एकमेकांची माहिती असण्याचा संभव नव्हता, परंतु प्रश्न एकच होता.

औंध संस्थान आकाराने फारच लहान होते. सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख, ७२ गावे आणि ७५ हजारांच्या आसपास लोकसंख्या. तीही सलग प्रदेशात नव्हे, तर औंध, कुंडल, आटपाडी आणि आज कर्नाटकात असलेले गुणदाळ अशा तालुक्यांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेली. औंधच्या डोंगरावरील यमाईच्या देवळापासून आटपाडीच्या माळापर्यंत जायचे तर मध्ये दुसऱ्याच सत्तेखालचा मुलूख ओलांडावा लागे. आज एखाद्या उद्योगाच्या शाखा चार गावांत असल्या की मुख्य कचेरीला खालचे काही कळत नाही ही जी तक्रार ऐकू येते, तीच अडचण या संस्थानाच्या रचनेतच होती.

बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. ते चित्रकार होते, कलासंग्राहक होते, स्वतः उभे राहून कीर्तन करीत आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार तर त्यांनी आयुष्यभराचे व्रत म्हणून केला. या शेवटच्या गोष्टीत संवादाचा एक जुना आणि भक्कम नियम दिसतो. राजाने शाळांमधून नमस्कारांची सक्ती केली, परंतु ते स्वतः रोज नमस्कार घालीत आणि लोकांना घालून दाखवीत, त्यामुळे सांगणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या शरीराची साक्ष मिळे. कीर्तनाच्या बाबतीतही तसेच म्हणता येते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक सिद्धान्त मांडून त्याचे निरूपण करायचे आणि उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातून, म्हणजे कथेतून, उभा करायचा अशी पद्धत असते. तत्त्व आणि दृष्टान्त यांची अशी जोडी असल्याशिवाय श्रोता हलत नाही, हे कीर्तनकाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि कामाच्या ठिकाणी नवी पद्धत समजावून सांगणाऱ्याने ही रचना मनापासून उचलावी अशीच आहे. तरीही कीर्तनाला एक मर्यादा आहे. कीर्तनकार बोलतो आणि श्रोते माना डोलावतात. श्रोत्याने मध्येच उठून शंका विचारण्याची तेथे सोय नसते. उत्तम वक्ता असलेला, लोकांना प्रिय असलेला, चांगल्या हेतूचा प्रमुखसुद्धा याच मर्यादेत अडकून राहू शकतो आणि आपले सर्वांशी छान बोलणे होते असे समजून चालतो. बाळासाहेबांचे मोठेपण असे की ते या मर्यादेच्या पलीकडे गेले. परंतु त्याआधी त्यांच्याच मुलखात उभ्या राहिलेल्या कारखान्याकडे पाहणे आवश्यक आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंगांमधला भेद नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील रंगकामाची वाट सोडून यांत्रिक आरेखनाची वाट धरली, पुढे बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि तेथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. हा नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती, आणि पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली ही गोष्ट किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. ती सांगताना बहुधा अडाणी समजुतीवर मात करणाऱ्या उद्योजकाची चिकाटी दाखवायची असते. संवादाच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायला हवे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, त्याचे मोल सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्यात फिटे, मोडला तर सुतार गावातच असे. लोखंडी नांगराला रोख पैसे लागत, बैलांच्या अधिक जोड्या लागत आणि मोडला तर दुरुस्तीसाठी गावाबाहेर धाव घ्यावी लागे. विष चढते ही बोलून दाखवलेली शंका होती. पैसा, बैल आणि दुरुस्ती या मनातल्या शंका असाव्यात असे मानायला भरपूर जागा आहे. नव्या पद्धतीला विरोध करणारा कामगारही पुष्कळदा असेच करतो. त्याला आपली खरी भीती सांगणे कमीपणाचे वाटते, म्हणून तो दुसरेच काही कारण पुढे करतो, आणि नेत्याने त्या पुढे केलेल्या कारणाचे खंडन करण्यात सगळी बुद्धी खर्च केली तर वादात त्याचा जय होतो पण नांगर विकला जात नाही.

१९१० साली बेळगावच्या नगरपालिकेने किर्लोस्करांना कारखान्याची जागा खाली करायला लावली. लक्ष्मणरावांची बाळासाहेबांशी ओळख होती, आणि बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग माजलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. येथे कारखाना आणि वस्ती एकाच ठिकाणी होती, मालक आणि कामगार एकाच वाटेने कामाला जात, त्यामुळे कामावरचे बोलणे भोंगा झाल्यावर संपत नसे. वसाहतीच्या या रचनेचे तोटेही असतात, कारण मालकाची नजर घरापर्यंत पोहोचते. परंतु कामगाराला भेटण्यासाठी मालकाला वेगळा दिवस नेमावा लागत नाही, हा फायदा संवादाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. प्रमुखाच्या दालनाचे दार उघडे आहे असे जाहीर करणे सोपे असते, पण त्या दारातून आत जाण्याची हिंमत फार थोड्यांना होते. प्रमुखच दाराबाहेर पडून यंत्राशेजारी उभा राहिला, तर मात्र तोंडे उघडू लागतात.

याच वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या मालाविषयी ग्राहकांना आणि विक्रेत्यांना माहिती देणारे छोटे पत्र होते. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याला येऊन मिळाली. उद्योगसंस्थेच्या अंतर्गत किंवा ग्राहकांसाठीच्या नियतकालिकाला आज गृहपत्रिका म्हणतात आणि बहुतेक गृहपत्रिकांत प्रमुखांची छायाचित्रे, सत्कार आणि उद्घाटने यांखेरीज फारसे काही नसते. नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या पत्रातून मराठी समाजाच्या विचारांचे एक मासिक निघू शकले, ते वाचकाला खरेदीदारापेक्षा मोठे समजल्यामुळे, असेच म्हणावे लागेल. किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामी काही काळ भाऊराव पाटीलही होते. विक्रीसाठी खेडोपाडी हिंडताना शेतकऱ्याचे घर, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलांची शाळेवाचून होणारी आबाळ त्यांनी जवळून पाहिली, आणि १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या शब्दाला खेड्यात जे वजन आले त्यामागे अनेक कारणे आहेत, पण बोलण्याआधी पुष्कळ ऐकलेले होते हे त्यांतले एक नक्कीच आहे.

ऊर्ध्वगामी संवाद अवघड का होतो, हे एका साध्या कल्पित उदाहरणावरून नीट कळते. एखाद्या कारखान्यात रात्रपाळीला यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या कानाला बेअरिंगचा आवाज खटकतो. तो मुकादमाला सांगतो, “हे काय आता टिकत नाही, दोन दिवसांत बसणार.” मुकादम पर्यवेक्षकाला सांगतो, “जरा आवाज येतोय, बघायला पाहिजे.” पर्यवेक्षक सकाळी खातेप्रमुखाला सांगतो, “किरकोळ काम आहे, साहेब, होऊन जाईल.” खातेप्रमुखाच्या साप्ताहिक अहवालात सर्व यंत्रे चालू स्थितीत असल्याची नोंद होते. यांतला एकही माणूस खोटे बोललेला नाही. प्रत्येकाने वरच्याला रुचेल इतपत बातमीची धार कमी केली, आणि चार पायऱ्या चढेपर्यंत ती बातमीच उरली नाही. अप्रिय वार्ता वरच्याला सांगण्याचे टाळण्याची ही प्रवृत्ती मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास प्रयोगांतून दाखवून दिली. बातमी सांगणाऱ्याचा दोष नसला तरी तो बातमीबरोबर आपलीही किंमत कमी होईल या धास्तीने गप्प बसतो. दरबारात ही धास्ती जितकी खरी होती तितकीच ती आजच्या वातानुकूलित सभागृहात खरी आहे.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारीत, पण कामगार त्या प्रश्नांची उत्तरे देता देता भलत्याच विषयाकडे वळत, आणि मग संशोधकांच्या ध्यानात आले की जे विषयांतर वाटते तेच त्यांचे खरे म्हणणे आहे. त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली, मध्येच न तोडता, सल्ला न देता, निवाडा न करता ऐकण्याची पद्धत स्वीकारली. आज सक्रिय श्रवण या नावाने जे शिकवले जाते, म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द, त्यामागची भावना आणि न बोललेले कारण या तिन्हींकडे लक्ष ठेवून ऐकणे, त्याच्या मुळांपैकी एक मूळ येथे आहे. हॉथॉर्नच्या या उपक्रमावर एक टीका झाली आणि ती योग्य आहे. कामगारांचे ऐकून घेतले, त्यांना मोकळे वाटले, परंतु निर्णय घेण्याचा अधिकार होता तेथेच राहिला. नुसत्या ऐकण्याने माणूस एकदा, फार तर दोनदा बोलतो. आपल्या बोलण्याने काही बदलत नाही असे दिसले की तो पुन्हा गप्प होतो आणि ही दुसरी शांतता पहिलीपेक्षा मोडायला कठीण असते.

औंधचा प्रयोग या ठिकाणी हॉथॉर्नच्या पुढे जातो. बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डमधले शिक्षण आणि बॅरिस्टरची पदवी पुरी करून १९३७ मध्ये परतले होते. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे व्यवस्थापन पाहणारे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंता गांधीविचाराने भारून गेले होते आणि भारतानंद या नावाने ओळखले जात. तेही औंधच्या कामात ओढले गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजांनी प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली, त्यानंतर सेवाग्रामच्या आश्रमात महात्मा गांधींशी विचारविनिमय होऊन राज्यघटनेचा आराखडा ठरला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती घटना अमलात आली. गावातील प्रौढ स्त्रीपुरुषांनी पंचायत निवडायची, गावपंचायतींतून तालुक्याची संस्था उभी राहायची आणि तालुक्यांतून संस्थानाचे विधिमंडळ, अशी खालून वर चढत जाणारी ही रचना होती. गावची शाळा, पाणी, रस्ते आणि बरेचसे तंटे हे गावानेच पाहायचे होते. गांधीजींनी मतदाराच्या साक्षरतेवर भर दिला आणि राजघराण्याच्या साध्या राहणीचाही आग्रह धरला.

या शेवटच्या आग्रहाचे महत्त्व संवादाच्या दृष्टीने फार मोठे आहे. सत्ताधाऱ्याच्या शब्दावर विश्वास बसायचा असेल तर त्या शब्दासाठी त्याला स्वतःला काही सोडावे लागल्याचे लोकांना दिसावे लागते. खर्चात काटकसर करा असे सांगणारे परिपत्रक ज्या दिवशी निघते त्याच दिवशी प्रमुखासाठी नवी मोटार येते, तेव्हा कर्मचारी परिपत्रक वाचत नाहीत, मोटार वाचतात. औंधच्या राजांनी घोषणा केली आणि त्याबरोबर आपले अधिकार व आपला खर्च दोन्ही आटोपते घेतले, त्यामुळे घोषणेला अर्थ आला.

अर्थात घोषणेने लोक लगेच बोलू लागले असे समजणे भाबडेपणाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या सरकारला मायबाप म्हणून हात जोडणाऱ्या शेतकऱ्याला, आता तुम्हीच ठरवा, असे सांगितले तर पहिल्यांदा तो गोंधळतो, कारण त्याला अधिकार मिळाला तरी बोलण्याची सवय नसते. आणि गावात भाऊबंदकी, तटबाजी व जातींची उतरंड असताना पंचायतीच्या बैठकीत कोण बोलणार आणि कोण कडेला उभा राहणार हे आधीच ठरलेले असते. आप्पासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना म्हणूनच औंधच्या कचेरीत बसून राज्य करता आले नाही. त्यांना गावोगाव जावे लागले, बसावे लागले, तेच तेच पुन्हा समजावून सांगावे लागले. आजच्या भाषेत ज्याला क्षमताबांधणी म्हणतात, म्हणजे अधिकार वापरण्याचे बळ माणसात तयार करणे, ते याहून निराळे नाही. एखाद्या कंपनीत बैठकीच्या शेवटी प्रमुख विचारतो, “कोणाला काही म्हणायचंय का?”, कोणी काही म्हणत नाही, आणि सगळ्यांना सगळे पटले असा निष्कर्ष काढून बैठक संपते. तेथे बोलण्याची मुभा दिलेली असते, पण सवय लावलेली नसते. कनिष्ठांना आधी बोलायला देणे, प्रमुखाने आपले मत शेवटी सांगणे, लेखी म्हणणे आधी मागवणे, ज्याने विरोधी मत मांडले त्याचे आभार सर्वांसमोर मानणे, हे उपाय साधे आहेत. ते महिनोन्‌महिने न चुकता करावे लागतात, एवढेच त्यांच्यातले अवघडपण आहे.

तिसरी संस्था म्हणजे तुरुंग. आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभी राहिली, तिच्यामागे फ्रीडमन यांची प्रेरणा होती. शिक्षा झालेल्या कैद्यांनी भिंतींशिवाय, आपल्या कुटुंबासह राहायचे आणि शेती करायची, अशी तिची कल्पना. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. त्यांनी या वसाहतीवरून स्फुरलेली कथा लिहिली आणि तिच्यावर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, ज्याला पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गौरव मिळाला. स्वतंत्रपूर आजही खुले कारागृह म्हणून चालू आहे. नेतृत्वाच्या संवादाशी त्याचा संबंध असा की तेथे मुख्य संदेश बोलला जात नाही, तो रचनेतूनच दिला जातो. भिंत नसणे हेच सांगणे असते की तुझ्यावर विश्वास ठेवला आहे. कामाच्या ठिकाणीही रचना सतत बोलत असते. दारावर झडती घेणारा पहारेकरी, दर तासाला हालचाल नोंदवणारे यंत्र, साहेबांसाठी आणि कामगारांसाठी वेगळे पेले, रजेच्या अर्जावर लागणाऱ्या पाच सह्या, हे सारे मिळून एक वाक्य तयार होते आणि ते वाक्य प्रमुखाच्या भाषणातल्या विश्वासाच्या गोष्टींना खोटे पाडते.

औपचारिक रचनेच्या बाहेर आणखी एक प्रवाह असतो, त्याला अनौपचारिक संज्ञापन म्हणतात. चहाच्या टपरीवर, पारावर, गाडीच्या प्रवासात तो वाहतो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत औंध संस्थानातील धनगरांच्या एका वस्तीवर तरुण मास्तर नेमला जातो. नेमणुकीचा कागद त्याच्याजवळ असतो, पण वस्तीचा म्हातारा कारभारी त्याला आपला मानेपर्यंत शाळा भरत नाही. प्रत्येक कामाच्या ठिकाणी असा एखादा कारभारी असतो. त्याचे पद लहान असते, पण नवीन साहेबांचे बोलणे ऐकायचे की नाही हे बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतात. त्याला टाळून काम करू पाहणारा नेता वेळ वाचवत नाही. अफवेबद्दलही हेच. अफवा ही बहुधा माहितीच्या पोकळीत वाढते, त्यामुळे कपात, बदली किंवा पगाराविषयी जे ठरलेले आहे ते आणि जे अजून ठरायचे आहे तेही स्पष्ट सांगितले तर तिला फारशी जागा उरत नाही. अजून ठरलेले नाही, अमुक तारखेला कळवू, असे म्हणण्यात प्रमुखाची शोभा कमी होत नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधे देण्यातील चुकांची नोंद कमी असेल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात ती अधिक आढळली. कारण चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या कबूल केल्या जात होत्या. बोलल्यामुळे आपला अपमान किंवा नुकसान होणार नाही या सामायिक विश्वासासाठी तिने १९९९ मध्ये मानसिक सुरक्षितता हे नाव रूढ केले. कागदावर एकही तक्रार नसलेले खाते पाहून ज्या प्रमुखाला समाधान वाटते त्याने हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा आठवावा. औंधच्या जुन्या मुलखात आणि त्याच्या आसपास आज सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांचे दाट जाळे आहे. या भागातल्या कित्येक संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरचा एकेक विषय वाचला जाताच “मंजूर, मंजूर” असा गजर होतो आणि सभा आटोपते. तेथे ऊस उत्पादक सभासद हा कायद्याने मालक असतो, पण त्याच्या मालकीचा शब्द त्या गजरात कोठेच ऐकू येत नाही. मोबाइलवरच्या गटांनी हे बदलले असे वाटते, तेही फारसे खरे नाही. प्रमुखाचा संदेश आला की खाली अंगठ्यांची रांग लागते, आणि ज्याला काही म्हणायचे आहे तो ते दुसऱ्या गटात म्हणतो.

औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तेथील पंचायतींची स्वतंत्र घटना तिथेच थांबली. आप्पासाहेब पुढे परराष्ट्र सेवेत गेले, पूर्व आफ्रिकेपासून ब्रिटनपर्यंत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. बाळासाहेबांचे १९५१ मध्ये निधन झाले. नऊ वर्षे हा काळ एखाद्या प्रयोगाची पूर्ण परीक्षा होण्यास अपुरा आहे आणि या काळातही महायुद्ध, बेचाळीसचे आंदोलन आणि साताऱ्यातील प्रतिसरकार अशा उलथापालथी झाल्या, त्यामुळे त्याच्या यशापयशाचा ताळेबंद मांडताना जपून बोलले पाहिजे. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने राज्यभर ग्रामसभा आली, ती आजही वर्षातून ठरलेल्या वेळी भरवावी लागते, आणि कित्येक गावांत ती कोरमअभावी तहकूब होते किंवा सह्यांच्या वहीपुरती उरते. औंधमध्ये राजाचा मुलगा गावात जाऊन बसत असे. ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि गटविकास अधिकारी यांच्यापैकी कोणी ग्रामसभेच्या आधी वस्तीवस्तीवर जाऊन, तेथील लोकांना काय विचारायचे आहे ते ऐकून, ते विषयपत्रिकेवर घेतो का, आणि मागच्या सभेत विचारलेल्या प्रश्नाचे काय झाले हे पुढच्या सभेत पहिल्यांदा सांगतो का, यावर त्या सभेची हजेरी अवलंबून राहते. कारखान्यातील पाळीच्या बैठकीला आणि कचेरीतील सोमवारच्या आढाव्यालाही हेच दोन प्रश्न लागू पडतात, आणि कोणत्याही खात्याचा प्रमुख त्यांची उत्तरे आपल्या मागच्या तीन बैठकींची इतिवृत्ते उघडून एका बैठकीत शोधू शकतो.